उघडा राहिलेला नळ

कोरडा नळ उघडला की आधी हवेचा फुसकारा येतो, मागून गंजाचा वास, आणि मला तो उन्हाळा आठवतो. आदल्या वर्षी पाऊस हुकला होता, जे. पी. नगरमधल्या आमच्या इमारतीची बोअरवेल आटली होती आणि सगळी घरं एक दिवसाआड येणाऱ्या टँकरवर चालत होती. एका सकाळी पाणी आलंय का ते पाहायला मी बाल्कनीतला नळ उघडला आणि तसाच उघडा ठेवून ऑफिसला गेलो. दुपारी टँकरनं टाकी भरली आणि ती सगळी माझ्या नळातून रिकामी झाली. संध्याकाळी जिन्यापाशी सेक्रेटरी विचारत होते, ‘‘कुणाचा नळ?’’ मी वाकून बुटाची नाडी बांधत राहिलो. तळमजल्यावरच्या, मूळच्या निपाणीकडच्या म्हाताऱ्या अक्का म्हणाल्या, ‘‘पाइप गळत होता, थांबला आता. सोडा की.’’ मग त्यांनी मला आत बोलावलं. माझ्या बाल्कनीचा पाइप त्यांच्या दारात उतरतो. त्याखाली धरून भरलेल्या बादल्या, पातेली, देवाचा तांब्यासुद्धा स्वयंपाकघरात मांडला होता. ‘‘सगळं नाही गावलं बघ. स्वल्प स्वल्प घरोघर पोचव. आणि नळाला विचारून ऑफिसला जात जा.’’ मी बादल्या वाहिल्या. प्रत्येक दारात लोकांनी माझे आभार मानले आणि मी ते गुपचूप घेतले. अजूनही मी निघालो की अक्का खिडकीतून विचारतात, ‘‘नळ?’’ मी ‘‘बंद’’ म्हणतो. तेवढंच खरं बोलतो. बाकीचं अजून कुणाला सांगितलेलं नाही.