शनिवारी काठीला कुणी हात लावला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. आमचा पोरगा शिकला, पण खोटं बोलायला शिकला न्हाय, असं ती आमच्या गावात, गुंजीत, घरोघरी सांगत असायची. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. बघू.

बेळगावच्या शहापुरात परशराम आण्णा म्हणून एक गृहस्थ राहतात. वय सत्तरीच्या पुढं. ते आता एकटे घराबाहेर पडत नाहीत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघतात, चार पावलं गेले की परत येऊन चौथ्यांदा. गोळी घेतली का, हे बायकोला, आक्कांना, विचारतात, आणि आक्कांनी हो म्हटलं तरी रिकामं पाकीट हातात घेऊन बघत बसतात. आपल्याला विसर पडतो असं त्यांच्या मनानं घेतलंय. आपले हात आपल्याला न सांगता काहीतरी करून बसतात, असं.

हे त्यांच्या मनात मी घातलं.

लिहून झालं. पण एवढ्या एका ओळीनं तुम्हाला काय कळणार? मलाच ती ओळ वाचून वाटतंय की हा माणूस बरा आहे, कबूल तरी करतोय. तेव्हा सगळंच सांगायला हवं.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. वडील अंगठा लावायचे. हे मी कधी लपवलं नाही. उलट जरा जास्तच सांगत आलो. बेळगावात नोकरी लागल्यावर टिळकवाडीतल्या एका क्लबात जायला लागलो. वकील, प्राध्यापक, बँकेतले लोक. तिथं पूलची, म्हणजे काठीनं बॉल पॉकेटात घालायच्या खेळाची, दोन टेबलं होती. मी बरा खेळायचो — बरा, त्यापलीकडं नाही.

त्या क्लबात खिडकीजवळच्या बाकावर आण्णा बसायचे. मूळचे विणकर. हातमाग बंद पडल्यावर काठ्यांच्या टिपा बसवायला लागले. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगतो — काठीच्या टोकाला चामड्याची एक छोटी चकती असते, नखाएवढी. तीच टिप. पांढऱ्या बॉलला लागतं ते एवढंच. मारण्याआधी तिला निळा खडू फासतात, घसरू नये म्हणून. ती बिघडली की बाकीची काठी नुसतं लाकूड.

आण्णा जुनी टिप ब्लेडनं काढायचे, नवी चिकटवायचे, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा ताणून बांधायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला बोट लावू द्यायचे नाहीत. मग काठी उलटी धरून बाहेर आलेलं चामडं गोल छाटायचं. मग पॉलिश पेपर — हलका, फिरवत फिरवत. जवळ रुपयाचं एक नाणं असायचं. त्याच्या कडेची गोलाई आणि टिपेची गोलाई एकमेकांशेजारी उजेडात धरून बघायचे. जमलं की स्वतःशीच म्हणायचे, "साकु." पुरे. कानडीत. मागावरची सवय असावी. शेवटी टिपेच्या कडेला थुंकी लावून जुन्या रेशमी साडीच्या तुकड्यानं घासायचे, कड काचेसारखी होईपर्यंत. टिपेचं डोकं मात्र कधी चकचकीत ठेवायचे नाहीत. कानशीनं हळूच टोचून खरबरीत करायचे.

"कड गुळगुळीत, डोकं खरबरीत," मला म्हणायचे. "डोक्यानं खडू धरला पायजे रं मास्तर. न्हायतर बॉलवरनं घसरतंय."

मला म्हणजे — मलाच. बाकीच्यांना काठी द्यायचे आणि घ्यायचे. माझ्याशी बोलायचे. मी खेड्यातनं येऊन शिकलो याचं त्यांना माझ्याइतकंच कौतुक होतं. मी म्हणेन ते खरं, असं होतं त्यांचं.

आणि मला काय वाटायचं? सांगतो. मला वाटायचं, चौथी शिकलेल्या या माणसाला गोलाईतलं काय कळतं. मी मोबाइलवर परदेशातल्या खेळाडूंचे व्हिडिओ बघायचो. टिप अजून उभट हवी, लहान नाण्याच्या गोलाईची, असं माझं मत झालं होतं. एकदा क्लबात मी ते बोललो. सेक्रेटरी वकीलसाहेब म्हणाले, "मास्तर, तुमची काठी पुस्तकात लई चांगली खेळते." सगळे हसले. आण्णा हसले नाहीत. पण माझं म्हणणं पटलं असंही ते म्हणाले नाहीत. ते डोक्यात राहिलं.

वर्षातून एकदा आमची आणि निपाणीच्या क्लबाची मॅच असायची. एक वर्ष ते इकडं, एक वर्ष आम्ही तिकडं. त्या वर्षी निपाणीला जायचं होतं, रविवारी. आमचा सगळा भरवसा सुनीलवर, आमच्यातला सगळ्यात चांगला खेळणारा पोरगा. सुनीलच्या काठीला आण्णांनी नवी टिप बसवली होती. शनिवारी दुपारी बाराला काम संपवून, चार बॉल स्वतः मारून बघून, त्यांनी काठी स्टँडला लावली आणि जेवायला घरी गेले.

शनिवारी शाळा अर्धी. क्लबाची एक किल्ली आण्णांकडं आणि दुसरी माझ्याकडं असायची. मी तीनला उघडलं. माणसं यायची पाच-साडेपाचला.

मी सुनीलची काठी काढून बघितली. मला ती टिप चपटी वाटली. खरंच वाटली का? का मला तशी वाटायला हवी होती? इतकी वर्षं झाली, अजून ठरवता येत नाही. सुनील जिंकला की परतीच्या गाडीत सांगायचं — टिप मी सुधारली होती. एवढंच मनात होतं. वाईट करायचं मनात नव्हतं. पण हे सांगून मी स्वतःला सोडवतोय असं समजू नका, पुढं बघा.

आण्णांचाच पॉलिश पेपर घेतला. एक बाजू जरा जास्त उतरली. ती जुळवायला दुसरी उतरवली. मग पहिली. असं करत करत टिप निम्मी राहिली आणि तरीही एका अंगाला कलती. घाबरलो. घाबरल्यावर माणूस नीटनेटकं करायला जातो — मी बारीक पेपर घेऊन डोकं घासत बसलो. छान गुळगुळीत केलं. चकाकलं ते. आणि वर निळा खडू जाड फासला, आतलं दिसू नये म्हणून. काठी होती तशी लावून ठेवली.

मी नववीला घर्षण शिकवतो. दरवर्षी. गुळगुळीत पृष्ठभागावर काय होतं ते पोरांना फळ्यावर काढून दाखवतो. त्या दुपारी मला ते सुचलं नाही.

निपाणीला शेवटचा डाव सुनीलकडं आला. काळा बॉल आणि पॉकेट, मधे काही नाही. फक्त पांढऱ्याला जरा बाजूनं मारून परत आणायचं होतं. काठी घसरली. टक् असा कोरडा आवाज येतो, खेळणारे ओळखतात. पांढरा वाकडा गेला आणि स्वतःच पॉकेटात पडला. काळ्यावर खेळताना असं झालं की डाव गेला, आणि मॅच गेली.

त्यांच्यातला एक दाढीवाला म्हणाला, "काय ओ बेळगावकर, काठीला कुंद्याचं तूप लावून आणलासा काय?"

कुंदा ही आमच्या बेळगावची मिठाई, तेव्हा हसणं आलंच. आम्हीसुद्धा हसलो. मी सगळ्यात जोरात.

परतीच्या गाडीत काठी हातोहात फिरली.  वकीलसाहेब म्हणाले, "म्हाताऱ्याचं संपलं आता." मी खिडकीतनं बाहेर बघत होतो. मला कुणी काही विचारलं नव्हतं. न विचारता गप्प बसणं हे खोटं नव्हे, असं मी त्या रस्त्यात स्वतःला पटवलं.

सोमवारी संध्याकाळी आण्णांच्या हातात काठी दिली गेली. त्यांनी खडू पुसला. चष्मा काढला, टिप डोळ्याजवळ नेली. अंगठा फिरवला — कडेवरनं, मग डोक्यावरनं. परत डोक्यावरनं.

"हे माझं काम न्हाय," ते म्हणाले. शांतपणे. जराही शंका नव्हती त्या आवाजात. तो आवाज मी नंतर कधी ऐकला नाही.

"मग कुणाचं?" वकीलसाहेब म्हणाले. "मास्तर, शनिवारी काठीला कुणी हात लावलता काय?"

"मी तीनपासून इथंच होतो," मी म्हणालो. "कुणीसुद्धा आलं नाही."

बघा, यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मी इथंच होतो. कुणी आलं नाही. मला वाटलं, सुटलो. इथं थांबलो असतो तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. आण्णा रागावले असते, भांडले असते, दोन महिने आले नसते, मग आले असते. स्वतःवरचा त्यांचा भरवसा तरी जागेवर राहिला असता.

पण ते माझ्याकडं वळले. इतक्या माणसांत माझ्याकडं. "मास्तर, तू बघतोस की माझं काम. डोक्याला मी चकाकी आणीन व्हय?"

त्यांना माझ्याकडनं साक्ष हवी होती. आणि मला एक गोष्ट माहीत होती. त्यांनीच कधीतरी सांगितलेली. त्यांचे वडील म्हातारपणी सगळं विसरले होते. रिकाम्या मागावर बसून, सूत नसताना, हात चालवत राहायचे. आपलं तसं व्हायला नको एवढीच त्यांची भीती होती. मरणाची नव्हती, त्याची होती.

हे माहीत असताना मी म्हणालो, "आण्णा, अलीकडं तुम्ही थोडं विसरताय. परवा चष्मा डोळ्यावर होता आणि सगळीकडं शोधत होता."

लोक हसले. चष्म्याचं खरं होतं, तसं कुणाचंही होतं. आण्णाही हसायला गेले. मग त्यांनी आपल्या हातांकडं बघितलं — उताणे केले, पालथे केले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं आणि तरीही तोंड उघडलं नाही. किती वेळ होता माझ्याकडं? मिनिटभर तरी होता. एक वाक्य बोलायला लागतो त्याच्या कितीतरी पट.

"चूक झाली बाळ," ते सुनीलला म्हणाले. माझ्या कामाची माफी त्यांनी मागितली. ब्लेड, कानस, नाणं, साडीचा तुकडा पिशवीत भरला. मला म्हणाले, "बरं झालं सांगितलास. बाकीची तोंडावर बोलत न्हाईत." आणि गेले. परत क्लबात आले नाहीत.

त्यानंतर टिपा मी बघायला लागलो. मला हवं होतं ते मिळालं की! "मास्तर, जरा बघा की," म्हणून काठ्या यायच्या. हळूहळू मला जमायलाही लागलं. त्यांच्याच पद्धतीनं.

पुढं त्यांच्या मुलानं त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाच्या मानानं उत्तम आहे. आण्णांना पटलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा मला म्हणाले, "डॉक्टर काय, धा मिन्टं बघतोय. मास्तर रोज बघत होता." आक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं — जाब विचारायला नव्हे, धीर मागायला. मी म्हणालो, वय झालं की व्हायचंच असं. धीर दिला.

मी अजूनही जातो. दोन-तीन आठवड्यांतनं एकदा. का जातो? आपण वाईट माणूस नाही हे बघायला जातो, असं मला वाटतं. ते माझी वाट बघतात. काही सांगताना मधेच थांबून माझ्याकडं बघतात, बरोबर आहे का म्हणून. आणि मी मान हलवली की पुढं बोलतात.

गेल्या महिन्यात गेलो होतो. इकडचं तिकडचं चाललं होतं आणि एकदम म्हणाले, "मास्तर, त्या शनिवारचं मला सारखं दिसतंय बघ. बारा वाजायला आलते. मी कानस घेतली, डोकं खरबरीत केलं. चार बॉल मारून बघितले, एकबी घसरला न्हाय. काठीच्या बुडावरचं नाव समोर दिसंल अशी स्टँडला लावली, पंखा बंद केला आणि आलो. असं मला अगदी लख्ख दिसतंय." मग म्हणाले, "झालं तर न्हाय तसं. मग हे कुठनं येतंय रं माझ्या डोक्यात?"

बारा, कानस, चार बॉल, पंखा. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं.

मी म्हणालो, "चहा गार होतोय, आण्णा." आणि त्यांनी कप उचलला.