पत्रिका खाल्लेली आळशी भाषा

धाकट्या चुलतबहिणीच्या लग्नात काकांना एकच घोर लागला होता: आत्या येते का न्हाय. थोरल्या लेकीच्या पत्रिकेत आत्याच्या यजमानांचं नाव दुसऱ्या पाव्हण्यांच्या खाली छापलं गेलं, तेव्हापासून ती काकांशी बोलत नव्हती. आमच्या नळदुर्गात लोक आमटीत मीठ कमी पडलं तर चालवून घेतात, पत्रिकेत नाव खाली गेलेलं न्हाय.

म्हणून या वेळी काका रोज शेजारी बसून नावं सांगायचे आणि मी लॅपटॉपवर टाइप करायची. कोण वर, कोण खाली, यातच आठवडा गेला. शेवटी काका म्हणाले, "पोरी, 'श्री.' काढून समद्यांना 'मा.' लाव. एकाला हे, एकाला ते, असलं झंगट नको."

नोटपॅडात हे मिनिटाचं काम. पण माझ्या अंगात तेव्हा हास्केल शिरलं होतं, ती फंक्शनल प्रोग्रॅमिंगची भाषा. फाईल वाच, बदल, परत त्याच फाईलीत लिही, अशा चार ओळी मी ऐटीत ठोकल्या.

ही भाषा लई आळशी. वाच म्हटलं की व्हय म्हणते, वाचत मात्र न्हाय. अगदी गरज पडली तरच उठते. मी वाच म्हटलं, फाईल बंद केली, मग लिही म्हटलं. बाईनं लिहायसाठी आधी फाईल कोरी केली आणि मग वाचायला निघाली. वाचती काय, कपाळ? दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

काका कोऱ्या स्क्रीनकडं बघत राहिले. प्रेसवाला दुपारी येणार होता.

"कुणाचंच नाव न्हाय?"

"न्हाय."

"माझंबी?"

"तुमचंबी न्हाय, काका." मला रडूच फुटलं.

काका मात्र मिशीत हसायला लागले. "मग अशीच छापू. नवरा, नवरी, तारीख, हॉल. बास." आणि भावकीत फोन लावत सुटले, "कंप्युटरनं समद्यांची नावं खाल्ली. माझंबी खाल्लं."

लग्नाला आत्या सगळ्यांच्या आधी हजर. पत्रिका नाचवत काकांना म्हणाली, "काय रं, पोटच्या लेकीच्या पत्रिकेत तुझंच नाव न्हाय?"

"न्हाय, आक्का."

ती इतकी हसली की तोंडाला पदर लावायची वेळ आली. मग तिनंच काकांना जिलबी भरवली. काका जिलबी चावता चावता रडत होते.

नंतर डोळे पुसत माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, ती आळशी भाषा विसरू नको. थोरलीच्या पोराचं बारसं हाय."