तुम्ही व्हा पुढं

माझ्या साडूइतका चालणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात नाही, आणि हे वाक्य लिहिताना माझ्या पोटात जे दुखतं त्यावर परतूरच्या एकाही डॉक्टरकडे औषध नाही. दरवर्षी दिवाळी झाली की हा मंठ्याचा माणूस हर्णैच्या बंदरावर जातो, समुद्रात पाय बुडवतो आणि चालत सुटतो, तो चार दिवसांनी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या धर्मशाळेतच टेकतो. जगातलं सगळं अंतर तो मंठा-परतूर या मापानं मोजतो. "घाट म्हंजे काय साडूभाऊ," तो मला म्हणाला होता, "आपला मंठा-परतूर रस्ता उचलायचा अन् उभा करायचा. बिलकुल तेवढाच!" आमच्याकडे चढ म्हणजे परतूर स्टेशनाचा जिना. सरावासाठी हा पाठीवर अर्धं पोतं ज्वारी घेऊन त्या जिन्यावर चढ-उतार करायचा. एकदा एका बाईनं हमाल समजून त्याच्याकडे ट्रंक दिली. यानं ती पलीकडे नेली, परत आणली, पुन्हा नेली. बाईची गाडी चुकली, तरी तिनं त्याला आशीर्वादच दिला.

मला त्याचा हेवा वाटतो, अगदी त्याच्या पायांवरच्या फोडांचासुद्धा. संक्रांतीला कुंभार पिंपळगावला सासुरवाडीत जमलो, की सासूबाई चष्मा लावून त्या फोडांच्या खुणा बघतात. मला साधं 'बसा' म्हणायचं राहून जातं. बायको सगळ्यांसमोर म्हणते, "तुम्ही बी जा की एकदा. दाजी कवाचे बोलवून राह्यलेत!" बोलावतो हे खरं. दरवर्षी बंदरावरून त्याचा फोन येतो, "येऊन राह्यले ना, साडूभाऊ?" आणि मी पलंगावर लोळत सांगतो, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच मागून." असं सगळेच म्हणतात. ते कुणी खरं धरत नाही.

यंदा त्याचा गुडघा गेला. आता चढ कायमचा बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. या संक्रांतीला सासूबाई माझे पाय बघणार, एवढ्या एकाच विचारावर मी हर्णैपासून निघालो आणि चौथ्या दिवशी दिवेलागणीला, जवळजवळ रांगत, धर्मशाळेच्या पायरीवर पोचलो.

तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारानं वही उघडून गाव विचारलं. परतूर म्हणताच त्यानं मान वर केली. "म्हणजे ते मागून येणारे तुम्हीच? पाच वर्षं तुमची सतरंजी टाकतोय आम्ही!" त्यानं मागची पानं उलटली. दरवर्षी साडूच्या वाकड्या अक्षरात त्याचं नाव, त्याखाली माझं, आणि माझ्यापुढे लिहिलेलं, 'मागून येऊन राह्यलेत'.

मी तिथंच बसलो. आधी रागच आला. मला इथवर आणण्यातही हा माझ्या पाच वर्षं पुढे होता. मग डोळे पुसले.

"ते कुठं आहेत यंदा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी पेन घेतलं. माझं नाव लिहिलं, खाली त्याचं, आणि त्यापुढे त्याचेच शब्द. गुडघ्याचं काही बोललो नाही. सतरंज्या दोन मागितल्या.