स्टँडवरचा आवाज

व्यक्तिचित्र म्हटलं की तुम्ही आधी रुमाल शोधता. ठेवा तो खिशात, यात कोणी मरत नाही.

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारणारे एक काका होते. नाव कधी विचारलंच नाही. पुकारायच्या आधी ते माईकवर दोन फुंकरा मारायचे, डोळे मिटायचे आणि गावांची नावं अशी घोळवायचे, जणू तोंडात हापूसच आहे. कॉलेजच्या पोरांना मी त्यांची नक्कल करून दाखवायचो.

त्या दिवशी मला गॅदरिंगच्या नाटकातून काढलं होतं. तोंड पाडून स्टँडवर बसलो होतो. पूर्णगडची गाडी लागलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, पण पूर्णगडच्या कोळणी बाकावर ढिम्म. काकांनी पुकारल्याशिवाय त्या उठायच्याच नाहीत. आणि काकांचा घसा साफ बसलेला!

खिडकीतून मला खूण करून ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझी टिंगल करतोस ना? ये, आता माईकवर कर."

मी फुंकरा मारल्या, डोळे मिटले. "भाट्ये, फणसोप, पावसमार्गे पूर्णगडला जाणारी गाडी..."

कोळणी उठल्या! टोपल्या डोक्यावर, अख्खा बाक रिकामा. नाटक गेलं खड्ड्यात, मी एसटी हलवली होती!

ऐटीत काकांकडे बघितलं, तर ते लालबुंद.

"गोळप कुठं गेलं रे मेल्या? गाडीची पाटी सगळ्यांना वाचता येते. पण आपल्या गावाचं नाव माईकवर ऐकलं की माणसाला बरं वाटतं. गोळपवाल्यांनी काय तुझं घोडं मारलं होतं?"