पेटीतली भित्री मंडळी

आमच्या मोठ्या मामाजींचं उभ्या पांढुर्ण्यात एकाही माणसाशी धड पटलं नाही, आणि एकाही भित्र्या जनावराशी कधी बिनसलं नाही. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. हे सासऱ्यांचे थोरले भाऊ, म्हणून मोठे मामाजी. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा ते जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले होते. बायको, म्हणजे माझ्या मोठ्या सासूबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या पडवीत एक बाज, एक कंदील आणि संत्र्यांच्या रिकाम्या पेट्यांत ठेवलेले गिनीपिग, एवढाच त्यांचा संसार. सशाहून लहान, उंदराहून मोठं, बिनशेपटीचं ते गुबगुबीत जनावर गल्लीत कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे गल्लीनं त्याचं नाव विलायती उंदीर ठेवलं होतं. मामाजींच्या कानावर हे नाव पडलं की ते भर रस्त्यात थांबत. "उंदीर तुमच्या घरी असन," म्हणत, आणि समोरच्याच्या घरातली धान्याची कोठी कशी उघडी असते इथपासून त्याच्या आजोबांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करूनच पुढे जात.

दर दोन-तीन महिन्यांनी नागपूरहून एक माणूस रेल्वेनं येई. खोकाभर कोवळी, थरथरणारी जनावरं ठेवून जाई आणि आधीची, अंगानं भरलेली घेऊन जाई. घरात त्याला पेटीवाला म्हणत. तो कायम घाईत असे. चहासुद्धा उभ्यानं पिई, कारण त्याला परतीची गाडी गाठायची असे. नवं खोकं आलं की आमच्या घरावर संचारबंदी लागे. मोठ्यानं खोकायचं नाही, बादली आपटायची नाही, दार लोटायचं नाही. मी माहेरहून हौसेनं कुकर आणला होता. पहिल्याच दिवशी त्याची शिट्टी झाली आणि नव्या सुनेच्या चुलीकडे जे कधी फिरकायचे नाहीत ते मामाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे! मी घाबरून डोक्यावर पदर ओढला. "सुनबाई," ते म्हणाले, "हे इंजिन बंद कर. पोरं खोपड्यात जाऊन बसली." पोरं म्हणजे ती, आणि खोपडा म्हणजे पेटीचा कोपरा. मी त्या घरात होते तोवर भात गंजातच, म्हणजे साध्या पातेल्यातच, शिजला. एकदा गल्लीतून वरात चालली होती, तर हे बनियनवर जाऊन बँडवाल्यांसमोर आडवे झाले. "तुमचा नवरदेव आज एकच दिवस भेऊन राहिला. माह्ये रोज भेऊन राहिले!" वरात मुकाट्यानं पुढच्या चौकापर्यंत चालत गेली. नवरदेव घोड्यावर हसला, असं म्हणतात.

दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी मामाजी सगळ्या पेट्या घेऊन बसनं सौंसरला जात. तिथे त्यांच्या बहिणीचं घर गावाबाहेर, संत्र्याच्या बागेला लागून होतं. एका वर्षी कंडक्टरनं विचारलं, पेटीत काय आहे? मामाजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "आजारी बायामाणसं आहेत. हळू बोल." तो बिचारा सौंसर येईपर्यंत कुजबुजत तिकिटं फाडत होता.

या सगळ्याला आम्ही मागे हसायचो. ती जनावरं कुठे जातात हे मात्र मला वर्षभर कोणी सांगितलं नाही, आणि नव्या सुनेनं विचारायचं नसतं म्हणून मी विचारलंही नाही. एक दिवस पेटीवाला आला तेव्हा मी पडवीतच होते. मामाजींनी पेटीत हात घातला, तशी ती सगळी पिल्लं हुंदडत त्या हाताकडे आली. त्यांनी एकेकाला उचलून पेटीवाल्याच्या खोक्यात ठेवलं. एकही ओरडलं नाही. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं. "नागपूरला प्रयोगशाळेत लागतात," तो म्हणाला. "सुया टोचून, रोग लावून पाहतात."

"मग परत कधी येतात?"

त्यानं दिवा मालवला. सकाळी मी पदर सावरून मामाजींच्या बाजेशी गेले. त्यांच्याशी मी आपणहून बोलले ती पहिलीच वेळ. "मामाजी, तुम्ही यांना माया लावता नं मग मरायला पाठवता. त्यापेक्षा भेलेलीच राहू द्या ना. निदान माणसावर भरवसा तरी ठेवणार नाहीत." आता गल्लीभर ऐकू जाईल असं मला वाटलं. पण ते नखानं बाजेचा सुंभ उचकत बसले. मग म्हणाले, "तुह्यं म्हणणं खोटं नाही, सुनबाई." आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

त्या वर्षी सौंसरला त्यांना विषमज्वरानं गाठलं. दिवाळी उलटली तरी ते परतले नाहीत. बहीण त्यांना पेजेवर ठेवून होती. इकडे पेटीवाला नवं खोकं आमच्याकडे ठेवून गेला. मी वेळेवर गवत टाकलं, पाणी ठेवलं; त्यापलीकडे कोणी त्यांना हात लावला नाही. माझ्या म्हणण्याप्रमाणेच झालं की हे. दोन महिन्यांनी पेटीवाला न्यायला आला. नेहमीसारखाच घाईत. त्यानं वरून हात घातला आणि मुठीत सापडेल ते मानेपाशी धरून उपसायला सुरुवात केली. एवढ्याशा जिवाच्या गळ्यात एवढा आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं. पेटीतली बाकीची फळ्यांवर डोकी आपटू लागली. एक त्याच्या हातातून उसळून फरशीवर पडलं, ते मागच्या पायांवर पुन्हा उभं राहिलंच नाही. दुसरं पेटीच्या कोपऱ्यात आडवं झालेलं होतं. त्याला कुठेही लागलं नव्हतं, कोणी धरलंही नव्हतं. नुसत्या भेवानं गेलं ते. पेटीवाला "च्यक" म्हणाला, उरलेली खोक्यात कोंबून स्टेशनकडे पळाला. पडलेलं संध्याकाळपर्यंत जगलं. दोघांना आम्ही मागच्या कडुनिंबाखाली पुरलं.

मामाजी परत आले तेव्हा त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. मी घडलं ते सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ओरडले काय?"

"हो."

मग पुढचं खोकं आलं तेव्हा मी स्वयंपाक आटोपून त्या पेटीशेजारी जाऊन बसले. "मामाजी, मले शिकवा."

त्यांचं शिकवणं म्हणजे आधी काहीच न करणं. पेटीत एक कवेलू, म्हणजे कौल, पालथं घालायचं, म्हणजे लपायला छप्पर होतं. पेटी भिंतीला लावायची, म्हणजे चारी बाजूंनी पाहावं लागत नाही. आणि पहिले काही दिवस नुसतं जवळ बसायचं, तेही त्यांच्याकडे न पाहता. मामाजी शिळं वर्तमानपत्र एका सुरात वाचून दाखवत: खून, अपघात, कापसाचे भाव, निधनवार्ता, सगळं सारख्याच आवाजात. "त्याहिले बातमीशी काय करायचं आहे? आवाज ओळखीचा झाला पायजे." मग कोबीचं पान घेऊन हात पेटीत नुसता ठेवून द्यायचा. मुंग्या आल्या तरी हलवायचा नाही. मी पहिल्यांदा वरून हात नेला, तर त्यांनी माझ्या मनगटापुढे वर्तमानपत्र धरलं. "वरून येते ते घार. बाजूनं ये, खालून ये." एक तळवा छातीखाली, दुसरा मागच्या पुठ्ठ्याखाली, पाय लोंबकळू द्यायचे नाहीत, मांडीवर जुनं लुगडं, त्यावर घडीभर ठेवायचं, आणि त्याला नकोसं व्हायच्या आधी परत सोडायचं. मी रोज चुकायची. "घाई करून राहिली तू," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की झोपेतही ऐकू येई.

एका दुपारी एक तपकिरी पिल्लू माझ्या मांडीवर पहिल्यांदा अंग सैल सोडून बसलं. मी श्वासही जपून घेत होते. तेव्हा मामाजी त्या पिल्लाकडे पाहत बोलायला लागले. "तुह्या मोठ्या सासूले मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. वाचणार नव्हतीच ती, डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं. चौघांनी धरलं तिले. मले बाहेर काढलं. काचेतून दिसून राहिली होती मले, डोळे असे मोठे. मरणाचं मी काय करू शकत होतो? पण भेऊन गेली, सुनबाई. एका माणसानं जवळ जाऊन म्हटलं असतं ना, की बाई, आता सुई टोचतो... तेवढंच पायजे होतं." पिल्लानं चुळबुळ केली. "सोड आता त्याले," ते म्हणाले.

मला त्यांचं सगळं पटलं असं नाही. आजही पटत नाही. पण मी रोज बसत राहिले. गल्लीशी त्यांची भांडणं चालू राहिली, आणि मधल्या वर्षांत कितीतरी खोकी आली आणि गेली. मग एका उन्हाळ्यात, नवं खोकं घरात असतानाच, मामाजी दुपारचे निजले ते उठले नाहीत. चेहरा शांत होता. तसा तो आम्ही जागेपणी कधी पाहिला नव्हता, त्यामुळे सासूबाईंनी दोनदा हाका मारून खात्री करून घेतली.

तेरवी झाल्यावर पेटीवाला आला. त्याला काही माहीत नव्हतं. ऐकून तो ओट्यावर टेकला. त्याला बसलेलं मी तेव्हा प्रथमच पाहिलं. त्याच्यासोबत नवं खोकं होतं. "हे परत न्या," मी म्हटलं. "आता या घरी आणू नका."

"बाई, त्यांच्या हातची जनावरं रस्त्यात मरत नव्हती," तो म्हणाला. "मी आता काय करू?"

मी आत जाऊन आमची तयार झालेली पेटी आणली, त्यातलं एक उचललं, आणि त्याला मांडी घालायला सांगितलं. त्यानं आधी स्टेशनच्या दिशेनं पाहिलं. मग पाय दुमडले, धोतराचा सोगा मांडीवर पसरला आणि दोन्ही तळवे पुढे केले. जनावर आधी आक्रसलं, मग हळूहळू बसलं. तो खाली मान घालून त्याच्याकडे पाहत राहिला. मी त्याच्यासमोर चहा ठेवला, त्यालाही त्यानं हात लावला नाही. लांबून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीचा आवाज आला आणि विरून गेला. तो उठला नाही, आणि मीही त्याला उठवलं नाही.