नातवापुढची फुली

क्योतोतल्या आमच्या घराचा जिना इतका अरुंद आणि लाकडी होता, की वर कोण येतंय ते पावलांवरून कळायचं. घरमालकीणबाई तिसऱ्या पायरीवर दम खायला थांबायच्या. त्या शरदात मी त्या थांबण्याला जेवढी घाबरले, तेवढी भूकंपालाही घाबरले नव्हते.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमधला. तेव्हा जपानी कंपन्यांना भारतातून माणसं हवी होती आणि पुण्यात आमच्या ओळखीतल्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी निघालं होतं. खाली मालकीणबाई राहायच्या, सत्तरी उलटलेल्या, विधवा. आणि त्यांचा नातू, विद्यापीठात शेवटच्या वर्षाला. तो तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात होता. पायानं खेळतात तो फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून धावत येऊन एकमेकांवर आदळायचं, तो. मी बाईंना ओओया-सान म्हणायचे, म्हणजे घरमालक. त्या मला ओकु-सान म्हणायच्या, आपल्याकडे शेजारणीला वहिनी म्हणतात तसं.

सगळं सुरू झालं ते माझ्या भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेमुळे. आई दरवर्षी ती पुण्याहून पाठवायची आणि मी तिच्यावर कचऱ्याचे वार लिहायचे. संकष्टीला प्लास्टिक, एकादशीला जुनी वर्तमानपत्रं. सप्टेंबरात एक दिवस ओओया-सान नाशपाती घेऊन वर आल्या आणि त्या चौकटींतले चंद्र बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरही प्रत्येक तारखेखाली दिवस चांगला की वाईट ते छापलेलं असे. त्यांच्या हिशेबानं शनिवार वाईट होता आणि शनिवारीच नातवाचा पहिला सामना होता.

"तुमच्यात शनिवार कसा आहे?" त्यांनी विचारलं.

मला तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या वर्गात शिकलेलं जेमतेम जपानी येत होतं. 'चांगला' हा शब्द सगळ्यात आधी सापडला.

"म्हणजे जिंकतील?"

"जिंकतील."

आणि जिंकले. बोलाफुलाला गाठ पडली, एवढंच. पण पुढच्या आठवड्यात त्या एक चिठ्ठी घेऊन आल्या. शनिवार-रविवारचे चार सामने, आठ विद्यापीठांची नावं. दुसरे कोण हरतात यावरही नातवाच्या संघाचा नंबर ठरायचा, म्हणून सगळेच निकाल हवे होते. जिंकेल त्याच्यापुढे गोल, हरेल त्याच्यापुढे फुली.

मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही, कारण त्या शहरात मला कोणी काही विचारतच नव्हतं. नवरा सकाळी सायकल काढून जायचा आणि नंतर दिवसभर माझ्याशी बोलायचा तो फक्त भात शिजल्यावर गाणं म्हणणारा कुकर. शिवाय मी स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. आहे, ते शिक्षण तसंच गंजत पडलं होतं. ओओया-सान रद्दीचे गठ्ठे दोरीनं नीट बांधून जिन्याखाली ठेवायच्या. मी त्यातून खेळाची पानं हळूच काढून आणायला लागले. विद्यापीठांची नावं वाचता येत नव्हती, पण आकारानं ओळखता येत होती. आकडे तर आकडेच. कोणी कोणाला किती गुणांनी हरवलं, ते एका वहीत लिहायचं आणि त्यावरून गोल-फुल्या काढायच्या. चिठ्ठी देताना मात्र मी दिनदर्शिकेसमोर उभी राहून एका चौकटीवर बोट ठेवायचे. हा माझा निव्वळ नाटकीपणा होता.

चारातले तीन निकाल तरी बरोबर यायचे. चिठ्ठी खाली फ्रिजवर लागायची आणि सामना झाला की नातू ती काढून हेल्मेटच्या पिशवीत जपून ठेवायचा. असं ओओया-सान अभिमानानं सांगायच्या. मला घाम फुटायचा.

घाम फुटायला कारण होतं. माझं लग्न ठरलं तेव्हा आईच्या ओळखीच्या एका ज्योतिष्यानं माझी पत्रिका बघून सांगितलं होतं, मंगळ कडक आहे, लग्नानंतरचं तिसरं वर्ष नवऱ्याला जड जाईल, जिवावरचं आहे. मी त्यांच्या तोंडावर हसले. पत्रिकेत मला काडीचाही रस नव्हता. आई मात्र दोन दिवस जेवली नाही. मी तरीही लग्न केलं, विमानात बसले. आणि क्योतोतला हा फुटबॉलचा शरद म्हणजे आमचं तिसरं वर्ष होतं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण संध्याकाळी सायकलची घंटा वाजेपर्यंत मी खिडकीतून हलत नसे. हसून उडवलेलं ते वाक्य माझ्याबरोबर विमानात चढलं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी एका गुरुवारी ओओया-सान वर आल्या, त्या तिसऱ्या पायरीवर न थांबता. हातात नेहमीची चिठ्ठी, पण चार सामन्यांखाली पाचवी ओळ होती. तिथे फक्त नातवाच्या जर्सीचा आकडा लिहिला होता.

"मंगळवारी सरावात एकाचं हेल्मेट त्याच्या मानेवर बसलं," त्या म्हणाल्या. मला समजावं म्हणून त्यांनी स्वतःच्या मानेवर मूठ आपटून दाखवली. "डाव्या हाताला मुंग्या येतात. पेला सुटतो. कोचला सांगू नकोस म्हणाला. रविवारी शेवटचा सामना. तो सुखरूप राहील ना, ओकु-सान?"

मी वहीकडे बघितलं. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही पानावर नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. माझ्या लक्षात आलं, की त्यांना ते उत्तर 'माहीत आहे, पण सांगवत नाही' असं ऐकू गेलं. अगदी तसाच चेहरा आईचा झाला होता, ज्योतिष्यानं पत्रिका बघता बघता मध्येच चष्मा काढला तेव्हा. गोल काढला तर पोरगा खेळणार. फुली काढली तर या बाईची झोप उडणार. त्या पेन पुढे करून उभ्या होत्या, खाली वाकून, जणू मी कोणी देवळातली पुजारीण आहे. मी फुली काढली. त्यांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली आणि त्या खाली गेल्या.

जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. वही, रद्दी, फुली. आधी तो हसला. मग त्याचा घास हातातच राहिला.

"अगं, डॉक्टरकडे जा म्हणायचं ना त्यांना," तो म्हणाला.

एवढं साधं वाक्य मला सुचलं नव्हतं. ज्योतिषी व्हायची हौस आली की अक्कल आधी गहाण पडते, हे मी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा म्हटलं असेन.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी वही आणि कापलेली पानं घेऊन मी खाली गेले. ओओया-सान अंगणात पानं झाडत होत्या. मी त्यांच्यासमोर वही उघडली आणि मोडक्यातोडक्या जपानीत कबूल केलं. हे चंद्राचं काम नाही. पेपर, आकडे, बेरीज-वजाबाकी. मी खोटं वागले. माफ करा. त्याला डॉक्टरकडे न्या.

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "गठ्ठे मी बांधते. दर आठवड्याला खेळाचं पान कमी असायचं."

"मग काल मला का विचारलंत?"

"मी सांगून तो ऐकत नाही. आजीचं कोण ऐकतं? तुमच्या चिठ्ठीवर त्याचा विश्वास आहे. मला फुली हवी होती, आणि ती माझ्या हाताची चालली नसती." मग म्हणाल्या, "मघाशीच इस्पितळात गेलाय. चिठ्ठी खिशात घेऊन. त्याला हे कळू देऊ नका."

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी वही छातीशी धरून जिना चढले आणि वर दार लावून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता तो खराच होता, भीती खरी होती, आणि तरीही फुली त्यांनी ठरवूनच काढून घेतली होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला आणि वसंतापर्यंत खेळायचं नाही असं सांगितलं. रविवारी नातू मोठं जाकीट घालून मैदानाच्या कडेला उभा राहिला. मी त्याच्या संघापुढे गोल काढला होता, संघ हरला. चार वर्षं ज्यासाठी घासली तो सामना त्याला खेळता आला नाही. त्यानंतर जिन्याशी भेटला तरी तो माझ्याकडे बघायचा नाही. खेळला असता तर मान मोडली असती की काहीच झालं नसतं, हे त्यालाही कळलं नाही आणि मलाही. माझ्या सगळ्या भाकितांत तेवढं एकच असं होतं, की त्याचा निकाल कुठल्याच पेपरात येणार नव्हता.

पण मी हे सांगायला बसले ते त्या रविवारच्या दुपारसाठी. पुण्यात तेव्हा सकाळ होती. मी फोनचं कार्ड खरवडलं आणि आईला फोन लावला. इकडचं तिकडचं काही बोलले नाही.

"आई, माझ्या पत्रिकेतलं ते तिसऱ्या वर्षाचं. ते त्या ज्योतिष्यांना तू सांगायला लावलं होतंस का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तू एकुलती एक," ती म्हणाली. "तो जपानला नेणार होता. मी सांगून तू ऐकलं नसतंस."

मला भयंकर राग आला. तीन वर्षं. रोज संध्याकाळी ती खिडकी.

"मग तू दोन दिवस जेवली का नाहीस? तुला तर माहीत होतं सगळं."

"माहीत होतं गं," आई म्हणाली. "पण त्यांच्या तोंडून ऐकलं आणि मलाच खरं वाटायला लागलं. तेव्हापासून दर मंगळवारी उपास करते. तुमचं तिसरं वर्ष कधी संपतंय?"

"फेब्रुवारीत," मी म्हटलं.

"त्याला सायकल हळू चालवायला सांग," आई म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिले. तो रविवार होता, नवरा घरातच, मागच्या खोलीत झोपलेला होता.