हवं होतं

रोहिणी गेल्याचं मावशीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी सापगावात अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. "इटलीवरनं फोन आला गो. पोरगी गेली म्हनतात." कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं...

रोहिणी माझी मावसबहीण, धसईची. मुरबाडच्या एका दवाखान्यात नर्स होती. इटलीत म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीला मुली हव्यात, पण भाषा यायला हवी, हे कळल्यावर तिने ऑनलाइन क्लास लावला. धसईत रेंज धड मिळेना, म्हणून सुट्टीला माझ्याकडे यायची. मी भाकऱ्या थापता थापता पेशंट व्हायचे आणि ती मला इटालियनमधून पाणी हवंय का विचारायची. तिला जड गेली ती विनंती. "ताई, वोल्यो म्हंजे मला पायजे. पन तसं बोलायचं नाय, उद्धट वाटतं. वोर्रेई म्हनायचं." मी म्हटलं, आपण नाही का दुकानात 'साखर हवी होती' म्हणत? साखर तर आत्ता हवी असते. ती टाळी देऊन हसली आणि ते रूप तिच्या तोंडी पक्कं बसलं. आमच्या घरात 'पानी दे गो' एवढंच चालतं. ती मात्र जेवताना विचारू लागली, "ताई, जमलं तर मीठ देशील का?" क्लासच्या बाई तिचं फार कौतुक करायच्या.

ती इटलीला गेली. एका आजोबांना सांभाळायचं, त्यांच्या मुलीच्या घरात राहून. नाताळच्या सुमाराला तिचं पोट दुखू लागलं. व्हिडिओवर चेहरा पार उतरलेला. डॉक्टरकडे जा, म्हटलं.

"विचारलं ना ताई. जमलं तर डॉक्टरकडे जायचं होतं, असं बरोबर विचारलं. आजोबांची मुलगी बोलली, पाहुने जाऊ देत, मग बघू."

"अगं, ओरड ना त्यांच्यावर!"

"इथं तसं नाय बोलत."

पाहुणे जायच्या आत अपेंडिक्स फुटलं. नर्स होती ती. आपल्याला काय होतंय हे तिला कळत होतं, यानेच माझा जीव जास्त जळतो.

तेराव्यानंतर आजोबांच्या त्या मुलीचा निरोप आला. क्लासच्या बाईंनी तो मराठीत करून पाठवला: रोहिणी फार नम्र होती, तिने कधी तक्रारीला जागा दिली नाही, तिच्यासारखी दुसरी मिळणं कठीण. नव्या बॅचलाही हे वाचून दाखवलं, असं बाईंनी खाली लिहिलं होतं. वर नमस्काराचं चित्र.

धसईतली तिची खोली मावशीने अजून आवरलेली नाही. मी गेले की आम्ही तिथेच बसतो. परवा मावशीने एकदम विचारलं, "त्यांच्या भाषेत 'नाय' कसं बोलतात गो?"

"नो."

"येवढंच?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मंग तेवढं कुनी शिकवलं नाय तिला?"